पुरलेले दप्तर

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर घराची आवराआवर करताना माळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक मी खाली काढली. तीत आजोबांच्या वह्या होत्या. आजोबा प्राथमिक शिक्षक होते आणि १९७२च्या दुष्काळात गावात जे जे घडले ते रोज रात्री कंदिलाच्या उजेडात लिहून ठेवण्याचा त्यांना नाद होता, असे आई सांगे. कोणत्या विहिरीचे पाणी केव्हा आटले, खडी फोडायला कोण कोण गेले, शाळेत सुकडी केव्हा आली, मिलोच्या भाकरी खाऊन कोणाचे पोट बिघडले, कोणाची बैलजोडी कितीला गेली, असे सारे त्यात होते म्हणे. ‘म्हणे’ असे लिहावे लागते, कारण मी त्यातले एक पानही वाचले नाही. दोन वह्यांना वाळवी लागली होती, तेवढे निमित्त मला पुरले. रद्दीवाल्याने साडेअकरा किलो वजन केले आणि १३८ रुपये हातावर ठेवले. त्या पैशांची आम्ही तिघा मित्रांनी मिसळ खाल्ली.

आजीला हे कळले तेव्हा ती रागावली नाही. ट्रंक तरी ठेवलीस का, एवढेच तिने विचारले.

पुढे दुसऱ्या सत्रात इतिहासाच्या तासाला साधनांचे प्रकार चालू होते. सरांनी प्रथम इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्याविषयी सांगितले. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या अडगळीतून उंदरांनी कुरतडलेली दप्तरे गोळा करून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड उभे केले, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. मग सर म्हणाले की जुने कागद गोळा करणारे पुष्कळ झाले, परंतु ज्यांच्यावरची शाई अजून वाळलेली नाही असे कागद मृत्यूच्या दारात बसून गोळा करणारा एक इतिहासकार पोलंडमध्ये होऊन गेला. त्याचे नाव डॉ. एमान्युएल रिंगेलब्लूम. त्या दिवसापासून या माणसाने माझा पिच्छा सोडला नाही. ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले, सरांनी आपल्या संग्रहातले दिले ते वाचले, आणि आज वाचकांपुढे त्यांचे चरित्र माझ्या तोकड्या शब्दांत मांडतो आहे.

रिंगेलब्लूम यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९०० रोजी बुचाच या गावी झाला. हे गाव त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंडमध्ये होते आणि आज ते युक्रेनमध्ये आहे. एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात गाव न हलता त्याचा देश पालटत राहतो, यावरूनच त्या भूमीची कथा लक्षात यावी. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत हे कुटुंब नोवी सान्च या गावी आले. तेथून तरुण एमान्युएल वॉर्सा विद्यापीठात इतिहास शिकायला गेला आणि १९२७ मध्ये वॉर्सातील ज्यूंच्या मध्ययुगीन इतिहासावर प्रबंध लिहून त्याने डॉक्टरेट मिळवली.

पदवी मिळाली तरी विद्यापीठात जागा मिळणे ज्यू तरुणाला त्या काळी जवळजवळ अशक्यच होते. रिंगेलब्लूम मुलींच्या शाळेत इतिहास शिकवू लागले. डाव्या विचारांच्या ज्यू कामगार चळवळीत ते होतेच. इतिहास म्हणजे राजे, धर्मगुरू आणि श्रीमंत सावकार यांचा वृत्तांत नव्हे. शिंपी, हमाल, फेरीवाले, मोलकरणी यांचाही इतिहास असतो आणि तो त्यांच्याच यिडिश भाषेत लिहिला गेला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १९२५ मध्ये विल्ना शहरात यिडिश संशोधनाची ‘यीवो’ ही संस्था निघाली. सामान्य लोकांनीच आपल्या आसपासच्या म्हणी, गाणी, चालीरीती, जुनी कागदपत्रे जमवून पाठवावीत असा या संस्थेचा परिपाठ होता. रिंगेलब्लूम यांनी तिच्या कामात मनापासून भाग घेतला. पुढे जे घडणार होते त्याची पूर्वतयारी ते नकळत करीत होते असेच म्हटले पाहिजे.

ऑक्टोबर १९३८च्या अखेरीस जर्मनीने सुमारे १७ हजार पोलिश ज्यूंना एका फटक्यात हाकलून पोलंडच्या सीमेवर आणून सोडले. त्यातले हजारो लोक झ्बॉन्शिन या लहानशा सरहद्दीवरील गावी तबेल्यांत आणि पडक्या बराकींत अडकून पडले. एका अमेरिकन ज्यू मदतसंस्थेच्या वतीने रिंगेलब्लूम तेथे गेले. पाच आठवडे त्यांनी तेथे अन्नाची, निवाऱ्याची, औषधांची व्यवस्था लावली आणि त्याच वेळी या निर्वासितांच्या हकिकतीही टिपून घेतल्या. एका हाताने भाकरी द्यायची आणि दुसऱ्या हाताने नोंद करायची, ही त्यांची रीत तेव्हापासूनची.

ऑगस्ट १९३९ मध्ये ते एका परिषदेसाठी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला गेले होते. युद्धाचे ढग स्पष्ट दिसत होते. तिकडेच राहण्याचा मार्ग मोकळा होता. काहींनी तो पत्करलाही. रिंगेलब्लूम मात्र वॉर्साला परतले. तेथे पत्नी यहुदिस होती, नऊ वर्षांचा मुलगा उरी होता, आणि कामही होते. १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि महिना संपण्यापूर्वी वॉर्साने शस्त्रे खाली ठेवली.

त्यानंतर ज्यूंवर एकेक बंधन येत गेले. दंडावर पट्टी बांधणे सक्तीचे झाले, नोकऱ्या गेल्या, मालमत्ता गेली आणि अखेर १६ नोव्हेंबर १९४० रोजी घेट्टोची दारे बंद झाली. दहा फूट उंचीच्या भिंतीआड, सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरच्या जागेत चार लाखांहून अधिक माणसे कोंडली गेली. शिधापत्रिकेवर जे मिळे त्यावर माणूस जगणे शक्यच नव्हते. भिंतीच्या फटींतून लहान मुले पलीकडे जाऊन बटाटे आणि पाव आणीत आणि त्यांवर घरे जगत. १९४२च्या मध्यापर्यंत उपासमार आणि टायफससारखे रोग यांनी सुमारे ८३ हजार माणसे मेली.

रिंगेलब्लूम घेट्टोतील ज्यूंच्या स्वयंसाहाय्य संघटनेचे एक प्रमुख कार्यकर्ते होते. अन्नछत्रे आणि घराघरांतील समित्या यांचा पसारा ते दिवसभर सांभाळीत. रात्री लिहीत. ऑक्टोबर १९३९ पासून त्यांनी टिपणे ठेवायला सुरुवात केली होती, परंतु एवढे मोठे संकट एकट्याच्या लेखणीला पेलणारे नाही हे त्यांनी लवकरच ओळखले. २२ नोव्हेंबर १९४० रोजी, म्हणजे घेट्टो बंद झाल्यावर सहाच दिवसांनी, त्यांच्या गुप्त मंडळाची पहिली रीतसर बैठक झाली. बैठका शनिवारी होत म्हणून मंडळाचे नाव पडले ‘ओनेग शब्बात’, म्हणजे शब्बाताचा आनंद. ज्यूंचा तो विश्रांतीचा पवित्र दिवस. नाव ऐकून कोणाला वाटावे की स्तोत्रे गाणाऱ्यांचे हे मंडळ असेल!

या मंडळात पन्नास-साठ माणसे होती. हेर्श वासर हे चिटणीस होते. अन्नछत्र चालविणाऱ्या लेखिका राखेल आउअरबाख होत्या. शिमोन हुबरबंद हे धर्मगुरू होते, अब्राहम लेविन शिक्षक होते आणि पेरेत्स ओपोचिन्स्की हे घेट्टोत पत्रे वाटणारे पोस्टमन होते. साम्यवादी आणि कर्मठ, श्रीमंत आणि कंगाल अशी एरवी एका पंक्तीला न बसणारी माणसे येथे एका कामाला लागली. काम कोणते? तर सर्व काही गोळा करणे. जर्मनांची फर्माने, गुप्त वृत्तपत्रे, शिधापत्रिका, ट्रामची तिकिटे, मिठाईच्या पुड्यांचे कागद, गाण्याच्या कार्यक्रमांची निमंत्रणे, शाळकरी मुलांचे निबंध, शेवटची पत्रे. त्यांनी प्रश्नावल्या तयार केल्या. स्त्रियांच्या जीवनावर, लहान मुलांवर, चोरट्या व्यापारावर, बाहेरगावाहून येणाऱ्या निर्वासितांवर लेख लिहवून घेतले. लिहिणारे स्वतः अर्धपोटी असत, म्हणून शक्य तेव्हा त्यांना थोडेसे मानधनही दिले जाई. शक्य तेथे एकाहून अधिक प्रती केल्या जात.

रिंगेलब्लूम यांचा एक कटाक्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या लोकांचे जे लाजिरवाणे असेल तेही लिहिले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. ज्यू पोलिसांची क्रूरता, ज्यू मंडळातील लाचलुचपत, उपाशी माणसे फुटपाथवर मरत असताना हॉटेलांत जेवणारे नवश्रीमंत, यांपैकी काहीही त्यांनी झाकले नाही. स्वतःच्या कामावरही त्यांनी असेच निर्दयपणे बोट ठेवले. अन्नछत्रातून सर्वांना पळीपळीभर पातळ सूप देऊन सर्वांनाच हळूहळू मरू द्यायचे, की मोजक्यांना पोटभर देऊन तेवढे तरी वाचवायचे, हा प्रश्न त्यांनी आपल्या टिपणांत मांडून ठेवला आहे. त्याचे उत्तर त्यांना सापडले नाही. आपण परीक्षेत प्रश्नाखाली उत्तर लिहिलेच पाहिजे असे शिकलो आहोत. काही प्रश्न मात्र नुसते प्रामाणिकपणे लिहून ठेवणे हेच मोठे धैर्य असते, हे मला येथे समजले.

१९४२च्या आरंभी हेल्मनो येथील मृत्युछावणीतून निसटलेला एक तरुण घेट्टोत पोहोचला. बंद मोटारींत विषारी वायू सोडून माणसे कशी मारली जातात आणि ती पुरण्याचे काम आपल्यावर कसे आले, हे त्याने सांगितले. वासर यांनी त्याची साक्ष लिहून घेतली. आता हे मंडळ केवळ इतिहासाचे राहिले नाही. जमलेल्या माहितीवरून अहवाल तयार झाले आणि पोलिश भूमिगत चळवळीच्या हातून ते लंडनला गेले. २६ जून १९४२ रोजी बी.बी.सी.वरून पोलंडमधील ज्यूंच्या कत्तलीची वार्ता जगाला सांगितली गेली. रिंगेलब्लूम यांनी त्या दिवशी मोठ्या समाधानाने नोंद केली की आपल्या मंडळाने आपले कर्तव्य बजावले. जगाला कळले म्हणजे जग काहीतरी करील, अशी त्यांची श्रद्धा होती.

जगाने काही केले नाही. १८ जुलै १९४२ रोजी डॉ. यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातील मुलांनी घेट्टोत रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ नाटक केले. त्यानंतर चारच दिवसांनी, २२ जुलैला, वॉर्सातील ज्यूंना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. २१ सप्टेंबरपर्यंत सुमारे २ लाख ६५ हजार माणसे तिकडे गेली. कोर्चाक आणि त्यांची मुलेही गेली. मंडळातील हुबरबंद आणि इतर अनेक जण गेले.

या धरपकडीच्या ऐन मध्यावर, ३ ऑगस्ट १९४२ रोजी, नोवोलिप्की रस्त्यावरील ६८ क्रमांकाच्या इमारतीत, जेथे पूर्वी शाळा होती, तेथील तळघरात इस्रायल लिखटेनश्टाइन या शिक्षकाने आपल्या दोन तरुण विद्यार्थ्यांच्या साहाय्याने दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. शेजारचा रस्ता वेढला गेला होता. दाविद ग्रॅबर आणि नाखुम ग्झिवाच ही त्या विद्यार्थ्यांची नावे. वय अठरा-एकोणीस, म्हणजे आपल्या वर्गातल्या कोणाही मुलाएवढे. पेट्या बंद करण्यापूर्वी तिघांनीही आपापले मृत्युपत्र लिहून आत ठेवले. लिखटेनश्टाइन यांनी आभार किंवा स्तुती मागितली नाही. आपली स्वतःची, पत्नी चित्रकार गेला सेक्श्टाइन हिची आणि तान्ही मुलगी मार्गालित हिची आठवण जगाने ठेवावी एवढेच मागितले. गेलाची चित्रेही त्या पेट्यांत ठेवली होती. ग्रॅबरने लिहिले की ही पेटी उघडली जाईल तो क्षण पाहायला आपल्याला फार आवडले असते. या पाचांपैकी कोणीही तो क्षण पाहायला उरले नाही.

घेट्टोत आता साठ हजारांच्या आसपास माणसे उरली. काम मात्र थांबले नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये आणखी कागदपत्रे दोन मोठ्या दुधाच्या कॅनमध्ये भरून त्याच इमारतीखाली पुरली गेली. तिसरा साठा एप्रिलमध्ये श्वेन्तोयेर्स्का रस्त्यावर पुरला गेला असे सांगतात. रिंगेलब्लूम पत्नी आणि मुलासह भिंतीपलीकडे जाऊन लपले होते. परंतु १८ एप्रिलला ते घेट्टोत परत आले. दुसऱ्याच दिवशी तेथील तरुणांनी जर्मन सैन्याविरुद्ध शस्त्रे उचलली आणि जगप्रसिद्ध उठाव सुरू झाला. त्या गदारोळात रिंगेलब्लूम पकडले गेले आणि त्राव्निकीच्या श्रमछावणीत त्यांची रवानगी झाली. तेओदोर पायेव्स्की हा पोलिश रेल्वे कामगार आणि शोशाना कोसोव्हर ही ज्यू तरुणी या दोघांनी त्या उन्हाळ्यात त्यांना रेल्वे कामगाराच्या वेषात तेथून सोडवून वॉर्साला आणले.

ग्रुयेत्स्का रस्त्यावर म्येचिस्वाव वोल्स्की या पोलिश माळ्याच्या काचघराखाली जमिनीत एक खोली खणलेली होती. त्या खोलीत सुमारे चाळीस ज्यू लपले होते. खोकायची चोरी, मोठ्याने बोलायची चोरी, हवेची टंचाई. अशा ठिकाणी रिंगेलब्लूम एका टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहीत राहिले. मारल्या गेलेल्या लेखक-विद्वानांची व्यक्तिचित्रे त्यांनी लिहिली. पोलिश आणि ज्यू समाजांच्या संबंधांवर मोठा निबंध लिहिला. त्यात पोलिश समाजातील अनेकांच्या थंडपणावर त्यांनी कठोर टीका केली आणि आपला जीव धोक्यात घालणाऱ्या वोल्स्कीसारख्यांची थोरवीही तितक्याच मोकळेपणाने सांगितली. संदर्भग्रंथ जवळ नाहीत, प्रकाश पुरेसा नाही, मरण डोक्यावर आहे. तरी न्याय सुटलेला नाही! मार्च १९४४च्या आरंभी त्यांनी परदेशातील सहकाऱ्यांना पत्र लिहून आपल्या मंडळाच्या कामाचा वृत्तांत कळवला.

७ मार्च १९४४ रोजी तो तळघरातला आसरा उघडकीस आला. सर्वांना पाविआक तुरुंगात नेले. वोल्स्की आणि त्यांचा भाचा यानुश विसोत्स्की यांनाही आश्रय दिल्याच्या गुन्ह्याबद्दल ठार मारण्यात आले. त्या तुरुंगात कारागीर म्हणून काही ज्यू कैद्यांना अजून जिवंत ठेवले होते. त्यांपैकी वाचलेल्या एकाने पुढे एक हकिकत सांगितली. रिंगेलब्लूम यांना आपल्यात कारागीर म्हणून सामावून घेण्याची शक्यता त्यांनी शोधली आणि ते सांगायला हा कैदी त्यांच्या कोठडीत गेला. मुलगा उरी त्यांच्या मांडीवर होता. रिंगेलब्लूम यांनी विचारले की मग याचे काय आणि याच्या आईचे काय? यावर उत्तर नव्हते. तसे असेल तर आपण त्यांच्याबरोबरच जाणे पसंत करतो, असे त्यांनी कळवले. काही दिवसांतच तिघांनाही गोळ्या घालण्यात आल्या.

युद्ध संपले तेव्हा घेट्टो म्हणजे विटांचा एक प्रचंड ढीग होता. रस्ते ओळखू येत नव्हते. मंडळाच्या पन्नास-साठ जणांपैकी तिघेच उरले होते: हेर्श वासर, त्यांची पत्नी ब्लूमा आणि राखेल आउअरबाख. या राखाडी ढिगाऱ्याखाली आपला राष्ट्रीय ठेवा आहे, तो खणून काढा, असा धोशा आउअरबाखबाईंनी लावला. अखेर १८ सप्टेंबर १९४६ रोजी त्या दहा पेट्या सापडल्या. आत पाणी शिरले होते, पाने चिकटली होती. एकेक पान सोडवून वाळवावे लागले. दुधाचे दोन कॅन १ डिसेंबर १९५० रोजी इमारतीचे बांधकाम करणाऱ्या मजुरांना मिळाले. तिसरा साठा मिळालाच नाही. जे मिळाले ते पस्तीस हजारांच्या आसपास पाने भरते. वॉर्सातील ज्यू इतिहास संस्थेत ते जतन केलेले आहे, आणि १९९९ मध्ये युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यांत त्याची नोंद केली.

रिंगेलब्लूम यांनी बंदूक उचलली नाही. मग हा प्रतिकार कसला, असा प्रश्न माझ्या एका मित्राने मला केला. मला वाटते, नाझींना ज्यू माणसे मारायची होतीच. शिवाय ती कशी जगली आणि कशी मेली हे सांगण्याचा अधिकारही त्यांना आपल्याच हाती ठेवायचा होता. त्यांनी स्वतः चित्रफिती काढल्या, अहवाल लिहिले, छायाचित्रांचे आल्बम बांधले. त्यांचा विजय झाला असता तर पुढच्या पिढ्यांना तेवढेच वाचायला मिळाले असते. एका शाळामास्तराने, एका पोस्टमनने, अन्नछत्र चालवणाऱ्या एका बाईने आणि अठरा वर्षांच्या मुलांनी तो अधिकार त्यांच्या हातून काढून घेतला. जीव त्यांना वाचवता आले नाहीत. पण मारणाऱ्याची साक्ष ही एकमेव साक्ष राहू दिली नाही.

माझ्या आजोबांच्या वह्या आणि हा ठेवा यांची तुलना करण्याचा उद्दामपणा मी करणार नाही. दुष्काळ निराळा आणि वंशसंहार निराळा. तरीही मला राहवत नाही. तिकडे मिठाईच्या पुडीचा कागद जपण्यासाठी माणसांनी जीव धोक्यात घातला आणि इकडे मी आख्ख्या गावाचे वर्ष मिसळीवर उडवले. रद्दीवाल्याकडे मी पुन्हा गेलो होतो. माल केव्हाच लगद्याच्या कारखान्याकडे गेला होता.

आता दर रविवारी मी आजीजवळ वही घेऊन बसतो. तिला जेवढे आठवते तेवढे ती सांगते. तारखा तिला सांगता येत नाहीत. कोणत्या मुलाच्या जन्माच्या आधी की नंतर एवढेच सांगते, आणि मी ते तसेच लिहून घेतो. आमच्या इतिहास विभागातील एक कपाट सरांनी रिकामे करून दिले आहे. आतापर्यंत त्यात एका हॉटेलाची उधारीची वही, एका मैत्रिणीच्या आजीने मुंबईच्या गिरणीतून गावाकडे धाडलेली पत्रे आणि काही जुनी रेशनकार्डे आली आहेत. वाचकमित्रांनी येत्या दिवाळीत माळा आवरताना या कपाटाची आठवण ठेवावी, एवढीच विनंती. ट्रंक आमच्या घरी अजून आहे. आजीच्या सांगण्यावरून लिहिलेल्या दोन वह्या मी तिच्यात ठेवल्या आहेत.